आच न लागलेलं ताट

शेगडीची बटणं दादा काढून घेऊन गेला, तेव्हा आई त्याच्या मागे दारापर्यंत गेली होती. म्हणाली, "सगळी नेऊ नकोस रे. एखादं तरी ठेव. दूध उतू गेलं तर बंद कशानं करू?" बटणंच नसली तर दूध तापायचं कुठून आणि उतू जायचं कुठून, हे तिला कुणी समजावलं नाही. दादानं बटणं खिशात टाकली, खिसा फुगला, आणि जिना उतरताना ती एकमेकांवर वाजत गेली.

त्याआधी शेगडीजवळचं फडकं पेटलं होतं. आई त्याच्याकडे बघत उभी होती, देवापुढचा दिवा बघावा तशी. शेजारणीनं पाणी ओतलं म्हणून भिंत काळी होण्यावर भागलं.

धाकटी लेक आईजवळ राहायची. लग्न झालं नव्हतं, आता होणारही नव्हतं, आणि त्याबद्दल घरात कुणी अवाक्षर काढायचं नाही असं ठरून गेलं होतं. दिवसभर ती शिलाईच्या कारखान्यात कॉलर जोडायची आणि तेवढा वेळ शेजारीण मधूनमधून डोकावून जायची. फडक्याच्या प्रकारानंतर शेजारणीनं हात जोडले. मग दादानं वृद्धांना सांभाळणारं एक घर शोधलं. स्वच्छ होतं, लांब होतं. तिथं एक खोली रिकामी होती.

"सणाला आम्ही जेवायला येतो तेव्हा शेवटचं बोलू," दादा म्हणाला होता.

"आणि त्या दिवशी तिनं एकटीनं सगळं मांडून दाखवलं तर?"

"शेगडीशिवाय?"

"शेगडीशिवाय."

दादा हसला नव्हता. त्याचं तेच वाईट होतं, तो कधी दुष्टपणे हसायचा नाही, नाहीतर त्याच्यावर रागावता तरी आलं असतं. तो म्हणाला, "तसं झालं तर वर्षभर मी तोंड उघडणार नाही. शब्द."

म्हणून हे ताट.

आईची उमर ताटं मांडण्यात गेली होती, पण घरच्यासाठी नव्हे. चौकातल्या मोठ्या खाऊच्या दुकानाची रस्त्याकडची काच ती सजवायची. लोक तिला काचवाली म्हणत. सणाच्या दिवसांत तर माणसं नुसती तिची मांडणी बघायला थांबायची. थंडीत काचेवर श्वासांचे ढग उमटायचे, पोरं ते बोटांनी पुसायची, आणि आत आई गुडघ्यांवर बसून एकेक द्राक्ष असं ठेवायची की जणू ते आत्ताच, तिथंच पिकलं.

सकाळी धाकटीनं बाजार आणून ओट्यावर ओतला. काकड्या, गाजरं, मुळे, चीजचा ठोकळा, द्राक्षांचे घड, खजूर, अक्रोड, खारी बिस्किटं, पुदिन्याची जुडी, घट्ट दह्याचा डबा. आईनं पदर खोचला. कितीतरी महिन्यांनी खोचला.

"ही काकडी निवडून आणलीस की रस्त्यात सापडली?"

"आई, चांगली आहे ती."

"चांगली आहे म्हणे. कमरेत वाकलीये माझ्यासारखी. आण इकडे."

आणि मग तिचे हात सुरू झाले. धाकटी बघतच राहिली. ज्या हातांना सकाळी ब्लाऊजचं हूक सापडत नव्हतं, त्याच हातांनी काकडीच्या चकत्या अशा पडत होत्या की उजेड आरपार जावा. चकत्या फडक्यावर पसरून तिनं वरून दुसरं फडकं हलकेच दाबलं. "पाणी टिपून घ्यायचं गं, नाहीतर शेजारचं बिस्किट रडायला लागतं." द्राक्षांचे घड तिनं कात्रीनं लहान लहान केले, म्हणजे घेणाऱ्याला ओढाताण नको. खजूर चिरून बी काढली आणि बीच्या जागी अक्रोड निजवला. मुळ्याला उभे काप देऊन गार पाण्यात सोडलं, तर थोड्या वेळानं मुळ्याचं फूल झालं. चीजचे तिकोनी तुकडे करताना ती गुणगुणायला लागली, तिचं तिनं जुळवलेलं, जसं पूर्वी कामात असताना जुळवायची,

"गोल गोल ताटाला गं काकडीचा काठ,
मधी बसली द्राक्षं, त्यांचा केवढा थाट."

धाकटीचे डोळे भरून आले. ती भांडी विसळायच्या निमित्तानं पाठमोरी झाली. मनात म्हणाली, दादा, ये आता. ये आणि बघ.

"आवर गं पटपट," आई मागून म्हणाली. "मालक यायच्या आत झालं पाहिजे."

धाकटीनं ते ऐकलं. ऐकलं आणि नळ जरा मोठा सोडला.

ताट म्हणजे लाकडाचा मोठा गोल पाट होता, जड. आईनं त्याच्याभोवती एक फेरी मारली, डोकं कलतं केलं, एक घड उचलून जरासा पलीकडे सरकवला. मग मागे वळून म्हणाली, "तू काय पाहुणीसारखी उभी? जा, तोंडबिंड धू, केस कर. अवतार बघ स्वतःचा."

"मी थांबते ना जवळ."

"कशाला? मी काय पळवून नेतेय का गाजरं?"

धाकटी गेली. आई म्हणाली म्हणूनच गेली असं नाही. दादाच्या डोळ्याला डोळा भिडवून तिला सांगायचं होतं, मी हातसुद्धा लावला नाही रे, मी खोलीतसुद्धा नव्हते. खोटं तिला बोलता येत नसे. बोलायला गेली की कान लाल व्हायचे आणि दादाला ते लहानपणापासून ठाऊक होतं. खरं बोलायची सोय करायला म्हणून ती न्हाणीघरात गेली आणि दार लावून घेतलं. अंगावर पाणी घेताना तिला कधी नव्हे ते हलकं वाटलं. वर्षभर. वर्ष म्हणजे केवढं मोठं. एका वर्षात काय काय होतं.

केस बसवायच्या फवाऱ्याची बाटली जागेवर नव्हती. तिनं शोधली नाही, केसांचा तसाच अंबाडा घातला.

बाहेर आली तेव्हा ताट टेबलावर होतं.

देवा, काय ताट होतं ते! द्राक्षांवर दव पडल्यासारखा तजेला. खजूर चकाकत होते. मुळ्याची फुलं नुकती उमलल्यासारखी. मधोमध वाटीत पांढरंशुभ्र दही, त्यावर चमच्याच्या पाठीनं फिरवलेला भोवरा आणि भोवऱ्याच्या पोटात पुदिन्याचं एकच पान. काही हललं नव्हतं, काही सुकलं नव्हतं. आई बाजूला हात बांधून उभी होती, मजूर काम संपवून उभा राहतो तशी.

धाकटीनं तिला मिठी मारली. "आई, तू ना..."

"केस ओले आहेत तुझे," आई म्हणाली.

दादा आणि वहिनी संध्याकाळी आले. वहिनी अत्तर लावून आली होती, घर घमघमलं. ती दारातच थबकली. "अगंबाई! हे कुठून मागवलंत?"

"आईनं केलंय," धाकटी म्हणाली. "सगळं. मी आंघोळीला गेले होते."

दादानं तिच्या कानांकडे पाहिलं. कान लाल नव्हते. तो ताटाजवळ गेला, वाकला, बराच वेळ वाकूनच राहिला.

वहिनीनं खजूर उचलायला बोट पुढे केलं, तर आईनं तिच्या हातावर चापट मारली. "हात नाही लावायचा!"

"अहो आई, खायला आलोय आम्ही, दर्शनाला नाही!" वहिनी हसली, दादा हसला, धाकटी हसली. आई हसली नाही, पण ते हसण्याच्या भरात कुणाच्या ध्यानात आलं नाही.

"गार पाणी आणते," म्हणून धाकटी स्वयंपाकघरात आली. मागून दादाचा आवाज येत होता, जरा जड झालेला. "मला वाटलं होतं, संपलं सगळं. पण हे... अगं, हे असं तर ती तिच्या ऐन भरातही करत नव्हती." आणि वहिनी म्हणाली, "मग राहू दे की वर्षभर. त्या खोलीला काय, दुसरं कुणी मिळेल. नाही म्हणून कळवून टाका उद्या." आणि दादा म्हणाला, "हो. कळवतो. धाकटीचंच बरोबर होतं."

धाकटीनं हे ऐकत ऐकत फ्रिज उघडला. पाण्याच्या बाटलीशेजारी दह्याचा डबा होता. त्याच्या तोंडावरचा कागद तसाच होता, ताणून बसवलेला, कुठं दुमडलाही नव्हता.

ती त्या डब्याकडे बघत राहिली. फ्रिजचा गारवा पायांवर उतरत होता.

दुकानाच्या काचेत दही कधी टिकायचं नाही. दिव्यांच्या उष्णतेनं त्याला पाणी सुटायचं. म्हणून आई वाटीत पांढरा गोंद ओतायची, दिवसच्या दिवस तसाच घट्ट, तसाच शुभ्र. फळांना तकाकी यावी म्हणून केसांचा फवारा मारायची. लहानपणी धाकटीनं काचेतलं द्राक्ष तोंडात टाकलं होतं तेव्हा आईनं तिच्या तोंडात बोट घालून ते काढलं होतं आणि रागानं नव्हे, भीतीनं, पुन्हा पुन्हा चुळा भरायला लावल्या होत्या.

तिनं केराची टोपली पाहिली. काकडीच्या सालींखाली गोंदाची बाटली होती, पिळून चपटी केलेली. आईनं कागदाची फुलं करत बसावं म्हणून धाकटीनंच आणली होती. शेजारी फवाऱ्याची बाटली. तिनं ती उचलून हलवली. थेंब वाजला नाही.

आईनं चूक केली नव्हती. आईनं तिचं काम केलं होतं, आयुष्यभर केलं तसं, चोख. फक्त ती या घरात नव्हती.

ताट पडलं तर? धाकटीच्या मनात आलं. हातातून निसटलं तर दोष माझा. वेंधळी म्हणतील, म्हणू देत. वर्ष आईचं. ती धावतच बाहेर आली आणि दोन्ही हात पाटाखाली घातले. "जरा सरकवते हं, पाणी ठेवायला जागा..."

पण पाट जड होता आणि दुसऱ्या कडेला आईनं घट्ट धरला. "हलवू नकोस! मांडणी मोडेल." दोघी मायलेकी एकेका कडेला ओढत उभ्या राहिल्या. आईच्या हातात एवढं बळ कुठून आलं कुणास ठाऊक. आणि तेवढ्यात वहिनीनं, आईचं लक्ष नाही असं बघून, चोरट्या पोरीसारखं डोळे मिचकावत गाजराचा तुकडा वाटीत बुडवला. पांढरी तार निघाली. वहिनीनं तो तोंडाजवळ नेला.

"वहिनी, खाऊ नका."

"आता तूसुद्धा?"

"खाऊ नका. गोंद आहे तो." धाकटीचा आवाज तिचा तिलाच ओळखू आला नाही. "कशालाच हात लावू नका. सगळ्यावर फवारा मारलाय."

वहिनीच्या हातातलं गाजर खाली आलं. दादानं धाकटीकडे पाहिलं, मग ताटाकडे, मग आईकडे. रागाचा एक शब्द नाही. तो खुर्चीवर बसला तो एकदम म्हातारा होऊन बसला.

आई एकेकाच्या तोंडाकडे बघत होती. आणि बघता बघता तिच्या चेहऱ्यावरून दुकान उतरलं, काच उतरली, आणि उरली नुसती आई. घरात माणसं आलीत आणि कुणीच काही खात नाही, एवढंच तिला दिसलं.

"चुकलं का रे काही माझं?"

"नाही आई," धाकटी म्हणाली. "फार सुंदर झालंय." तिचे कान लाल झाले नाहीत. ते खरंच होतं.

"मग खात का नाही कुणी? मघापासून बसलाय हा. चेहरा सुकला पोराचा." तिनं एक खजूर उचलला, सगळ्यांत टपोरा, आणि दादाच्या तोंडाशी नेला. "आ कर."

दादानं तिचं मनगट धरलं. हळूच धरलं, पण धरलं. "आई, नको."

"एक. माझ्या हातचा एक."

"नको गं आई."

तिचा हात त्याच्या मुठीत काही वेळ तसाच राहिला, आणि बोटांतला खजूर चकाकत राहिला. मग तिनं तो खाली ठेवला. पाटावर नाही, टेबलावर, कुठंतरी. "आता माझ्या हातचं आवडत नाही तुला," असं ती म्हणाली, तक्रार म्हणून नव्हे, हवापाण्याबद्दल बोलावं तसं, आणि आतल्या खोलीत जाऊन पलंगाच्या कडेवर बसली. वहिनी तिच्यामागे गेली. आतून तिचं "आई, पाय वर घ्या ना, असं बसू नका" ऐकू येत राहिलं, पुन्हा पुन्हा, लाडीगोडीनं.

बहीण-भाऊ टेबलाशी राहिले. ताटातलं काही कोमेजत नव्हतं.

"तू बोलली नसतीस तर..." दादा म्हणाला आणि थांबला. कारण त्या वाक्याला पुढं जायला जागाच नव्हती.

"सोमवारी कळवतो त्यांना," तो मग म्हणाला. "येतोय म्हणून."

"हं."

"तू कधीही जाऊ शकशील. भेटायला बंदी नाही."

"हं."

मग धाकटीनं विचारलं, "दादा, तिथं तिला स्वयंपाकघरात जाऊ देतील का रे? नुसतं काही चिरायला. नुसतं काही मांडायला."

दादानं चष्मा काढून हातात घेतला. तो पुसला नाही, नुसता धरून बसला.

"स्वयंपाकघर खालच्या मजल्यावर आहे," तो म्हणाला. "वर नुसती वाढलेली ताटं येतात."