पशुकुंड क्रमांक सात

बाजाराच्या मागच्या फाटकापाशी एक दगडी हौद आहे. मालाच्या गाड्या ओढणारे घोडे आणि खेचरं तिथे उभी असतात. रस्ता रुंद करताना हौदाचं पाणी बंद केलं, ते पुन्हा सुरू करायचं कुणाच्या ध्यानातच राहिलं नाही. तेव्हापासून दोन वर्षं पानाकाकू रोज सकाळी अकराला समोरच्या घरातून बादल्या नेऊन हौद भरायच्या. हिवाळ्यात त्या गेल्या. दहा दिवस हौद कोरडा राहिला. अकराव्या दिवशी बादल्या पानाकाकांनी उचलल्या.

काका पाणीखात्यातले निवृत्त फिटर. तीस वर्षं खिशात पाना, म्हणून ते पानाकाका. लग्नानंतर काकूंनाही तेच नाव चिकटलं. उन्हाळा लागला तसा काकांचा उजवा गुडघा सुजला. डॉक्टर म्हणाले, "वजन उचलणं बंद. नाहीतर खाटेवर बसाल." खाटेची भीती काकांना नव्हती. बायकोने धरलेलं काम आपल्या हातून सुटेल, ही होती. खात्याला त्यांनी तीन अर्ज दिले होते. एकाचीही पोच आली नाही.

शेवटी सुनेने मनावर घेतलं. ती दातांच्या दवाखान्यात पेशंटच्या वेळा लावायची. दुपारी दवाखाना रिकामा असतो, तेव्हा तिने फोनवर ऑनलाइन याचिका लिहिली. हौदाचा फोटो, सासूबाईंचा बादलीसकटचा फोटो आणि वर ठळक मागणी: 'मुक्या जिवांना न्याय द्या, बाजारातला हौद सुरू करा.'

"बाबा, चार दिवसांत नऊ हजार सह्या!"

"आपल्या गल्लीत नऊशे माणसं नाहीत. हे कोण?"

"जगभरातले लोक आहेत. ज्यांना जनावरांचं वाटतं ते."

"कागदी घोडे नाचवून खरे घोडे पाणी पितात होय?" काका म्हणाले आणि बादली घेऊन लंगडत निघाले.

"आता तर कागदही लागत नाही," ती मागून ओरडली.

आठव्या दिवशी खात्याचं उत्तर आलं. सुनेने ते वाचलं आणि फोन गादीवर आपटला. "म्हणे, सदर ठिकाणी खात्याच्या नोंदीत कोणताही हौद नाही. डोळे फुटलेत का यांचे? एवढा दगडी हौद दिसत नाही?"

काकांनी चष्मा लावून उत्तर दोनदा वाचलं. मग ते हसायला लागले. काकू गेल्यापासून घरात हा आवाज नव्हता. सून बघतच राहिली.

"घोडं इथे पेंड खातंय होय! अगं, ते खरंच सांगतायत. हौद आपण म्हणतो. रजिस्टरात त्याचं नाव पशुकुंड. पशुकुंड क्रमांक सात. त्याची लाइन मी टाकली आहे आणि माझ्याच तीन अर्जांत मीसुद्धा हौदच लिहिलं. घरी तुझी सासू हौद म्हणायची ना, तेच तोंडात बसलं."

"मग पहिल्या दिवशी याचिका वाचली का नाहीत?"

"चुकलं," काका म्हणाले. "आता लिही. न्याय वगैरे राहू दे. न्याय कुठल्या टेबलावर मिळतो ते मला ठाऊक नाही. लिही की पशुकुंड क्रमांक सातचा व्हॉल्व्ह उघडा. तो फाटकाच्या डाव्या खांबापासून चार पावलांवर, डांबराखाली आहे."

"एवढंच?"

"एवढंच. व्हॉल्व्ह एक तर उघडा असतो, नाहीतर बंद. साहेबाला तिसरं उत्तर देता येणार नाही."

तिने मागणी बदलली. सही केलेल्या सगळ्यांना निरोप गेला, की ही एकच ओळ खात्याच्या पत्त्यावर पाठवा. मग ती जरा घुटमळली. "बाबा, आईंच्या नावाने एक सही करू? त्यांचा फोन आहे अजून."

"नको. ती नाही आता. एक सही खोटी निघाली तर बाकीच्यांवर कोण विश्वास ठेवील? माझी घे. माझी राहिलीच आहे."

दोन दिवसांनी खात्याचे साहेब दोन माणसं आणि पहार घेऊन स्वतः फाटकावर आले. काका समोर दिसताच त्यांनी हात जोडले. "काका, आवरा तुमच्या लोकांना. सकाळपासून पशुकुंड, पशुकुंड! वरच्या साहेबांनी विचारलं, हे सात नंबर काय प्रकरण आहे? जुनं रजिस्टर माळ्यावरून काढलं, तर निघालं की!"

"साहेब, खरं सांगा. माझ्या एकट्याच्या अर्जात हा नंबर असता, तर माळ्यावर चढला असता?"

साहेबांनी मान खाजवली. "नसतो चढलो. पण नुसत्या नऊ हजार सह्यांनाही आम्ही हौद नाही म्हणूनच कळवलं होतं ना?"

"ऐकलंत बाबा?" सून म्हणाली. "घोडे माझे पोचले."

"पोचले. पण कुठल्या दारात जायचं ते कुणी सांगितलं?"

खात्याची माणसं भलतीकडेच डांबर ठोकत होती. काकांनी खांबापासून चार पावलं टाकली आणि वाकून पान्याने जमीन वाजवली. एका जागी पोकळ आवाज आला. डांबर फोडलं, झाकण निघालं. व्हॉल्व्ह गंजला होता. तेल सोडून, दोघांनी जोर लावून तो फिरवला. हौदाचा पाइप खोकला आणि तांबडं पाणी आलं. एका गाडीवानाने खेचर पुढे काढलं, तर काका ओरडले, "थांब की! आधी गंज जाऊ दे." पाणी नितळ झाल्यावर त्यांनी ओंजळीत घेऊन चाखलं, मगच खेचराला वाट दिली.

घरी आल्यावर सुनेने याचिकेवर 'मागणी मान्य' असं लिहिलं. खाली लगेच कुणीतरी विचारलं, आमच्या गावातही असा एक हौद आहे, काय करू? काकांनी उत्तर सांगितलं, तिने टाइप केलं: आधी त्याचं रजिस्टरातलं नाव शोधा, मग सह्या गोळा करा.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता काका सवयीने उठले. दारामागे दोन बादल्या होत्या. त्यांनी एकच घेतली, रिकामी. हौदापाशी ती पालथी घातली आणि तिच्यावर बसून जनावरं पाणी पिताना बघत राहिले.