गाठ न मारलेली दशी

“सोड आत्ती, फाटंल की ती!”

“फाटू दे! माझ्या हातची हाय, माझ्याच हातनं फाटंल.”

एक टोक प्रशांतच्या मुठीत, दुसरं हरणाबाईच्या, आणि मधे ताणली गेलेली ती मी. मी घोंगडी बोलतेय. म्हसवडची, काळ्या जावळाची, अंगावर इंजिनाच्या तेलाचे डाग मिरवणारी. डाग बघून नाक मुरडू नका. मी जिथं जाऊन आले तिथं तुमच्यातलं कुणी गेलेलं नाही.

भांडण कशावरून, ते आधी सांगते. प्रशांत हा हरणाबाईचा भाचा. त्यानं कुपवाडला शेड घेतलीय, तिथं यंत्रांचे सुटे भाग बनवणार आहे. स्वतःच्या खुर्चीमागं काचेचं कपाट करून त्यात मला टांगायचं त्यानं ठरवलंय. त्याआधी माझ्या कोपऱ्यातल्या एका मोकळ्या दशीला आत्तीनं गाठ मारावी, एवढंच त्याचं मागणं. आत्ती म्हणते, मारत नाही जा.

ही गाठ साधी नव्हे. मेंढरं घेऊन आठ-आठ महिने मुलूख फिरणाऱ्या मेंढक्याला घोंगडी देताना हरणाबाई सगळ्या दशांना गाठी मारते आणि एक दशी मोकळी ठेवते. माणूस वाट संपवून घरी आला की घोंगडी घेऊन तिच्या दारात येतो. मग ती शेवटची गाठ मारते. वाट संपल्याखेरीज गाठ नाही.

माझा जन्म त्र्याण्णव सालचा. कोकरांची पहिली लोकर म्हणजे जावळ, ती हरणाबाईनं स्वतः निवडली, कातली, आणि खड्ड्याच्या मागावर बसून मला विणलं. प्रशांत तेव्हा कॅनडातनं सुट्टीवर आला होता. सैन्याच्या वर्कशॉपात विमानांची इंजिनं उघडून शिकलेला हा गडी, नंतर तिकडं विनिपेगला गेला होता आणि तिथं त्यानं एक जुनं, एका इंजिनाचं, चौघांपुरतं विमान घेतलं होतं. ते चालवत टप्प्याटप्प्यानं उत्तरेच्या बर्फाळ बेटांपर्यंत जायचं त्याच्या डोक्यात होतं. घरात सगळे म्हणाले, पोरगं खुळावलं. हरणाबाईनं एकच विचारलं.

“इंजिनाला थंडी वाजत न्हाई व्हय रं तिथं?”

“वाजते की आत्ती. तेल पार घट्ट होतं. उतरल्याबरोबर इंजिनावर झूल घालावी लागते, न्हाईतर सकाळी चालू होत न्हाई.”

“आन् वारं?”

“वारं तर लय.”

झालं! वारं लय, म्हणजे घोंगडी अंगानं ताठ पाहिजे. तिनं मला चिंचोक्याची खळ नेहमीच्या दुप्पट दिली. चूक झाली ती इथंच, आणि ती अशाच बाईच्या हातून होते जी कुणाला विचारत नाही. प्रशांत कुरकुरला. त्याच्याकडं विकतची नायलॉनची झूल होती, आणि छोट्या विमानात किलो-किलो वजन मोजून घ्यावं लागतं. पण आत्तीपुढं कुणाचं चाललंय? गेले मी.

पंच्याण्णवच्या एप्रिलात आम्ही उडालो. मी मागच्या सीटवर, पेट्रोलच्या डब्यांशेजारी. पहिला मोठा मुक्काम समुद्रकाठचं चर्चिल. मग डाव्या हाताला जमीन, उजव्या हाताला गोठलेला समुद्र, आणि कुठंही झाड नाही. माणदेशात वाढलेली मी, मला उजाड मुलखाचं काय कौतुक? पण हा उजाडपणा पांढरा होता, त्याला बांध नव्हता की पायवाट नव्हती. तासन् तास एकच घरघर. आणि मला मात्र सारखं वाटायचं, पुढं काय? त्याच्या पुढं काय?

पुढच्या मुक्कामी, रँकिन इन्लेटला, घोळ झाला. सकाळी इंजिन ऊब धरावं म्हणून प्रशांतनं खाली स्टोव्ह पेटवला आणि त्याची नायलॉनची झूल झळ लागून वितळली. तेव्हा त्याला माझी आठवण झाली! बाहेर काढली तर मी पत्र्यासारखी. वाटेत दार उघडताना अंगावर पडलेला बर्फ विमानाच्या उबेत विरघळला होता, माझ्या खळीनं ते पाणी पिऊन घेतलं होतं, आणि बाहेर येताच सगळं गोठलं. मला दुमडता येईना, गुंडाळता येईना. स्टोव्हची सगळी ऊब वाऱ्यावर जात होती. “आत्ती, काय केलंस गं हे!” म्हणून तो त्या बर्फात ओरडला.

धावपट्टीच्या कडेला एक म्हातारी उभी होती. तिथल्याच मूळच्या इन्युइट लोकांतली. तिनं पुढं येऊन मला हुंगलं. हातातल्या काठीनं, ती माणसं कातड्याच्या कपड्यांवरचा बर्फ झाडतात तशा काठीनं, मला झोडपून काढलं. मग खाली टाकून बुटांनी तुडवलं. बर्फ फुटला, खळीची पूड उडाली, मी मऊ झाले. मग तिनंच मला इंजिनावर पांघरलं आणि कडा खोचल्या. लोकर वितळत नाही की भडकन पेटत नाही. तासाभरात इंजिन खोकलं आणि चालू झालं. म्हातारी हसली, हात झटकले आणि निघून गेली.

पुढच्या टप्प्यात, रिपल्स बेला, उतरताना आडवा वारा आला. डाव्या चाकाचा पाय वाकला. विमान दोरांनी बांधून, “पुढच्या एप्रिलात येतो” असं तिथल्या माणसांना सांगून प्रशांत परत फिरला. मला घेऊन, पार म्हसवडपर्यंत.

तो एप्रिल गेला. आता सत्त्याण्णवचा तोंडावर आलाय. आजवर मी इथं पेटीतच होते, पण मला पडून राहवत नाही. बाहेर कुणी स्टोव्हला पंप मारला तरी मला वाटतं, निघायची वेळ झाली. आणि हा मला काचेत घालणार!

“अर्ध्या वाटेवरनं आलास आन् गाठ मागतोस?” हरणाबाई आता उभीच राहिली. “इमान तिकडं दावणीला बांधून ठेवलंस. लाज न्हाई वाटत?”

“तू नको सांगूस! तुझ्या खळीपायी अडकून पडलो होतो मी तिथं!”

दोन वर्षं गिळलेलं त्याच्या तोंडून निघून गेलं. मग त्याला सगळं सांगावंच लागलं. हरणाबाईनं माझ्यावरून नख ओढून पाहिलं. खळीचा कण नाही.

“कुणी काढली म्हणालास?”

“तिथल्या एका म्हातारीनं.”

“नाव काय तिचं?”

“इचारलं न्हाई.”

“लय शाना!”

प्रशांत ओसरीवर खाली बसला. आवाज उतरला. “आत्ती, खरं सांगू? मला भ्या वाटतं. तिथं आभाळ आन् बर्फ एक होतं. वर कुठं, खाली कुठं, कळत न्हाई. म्हणून शेड घेतली.”

ऐकणाऱ्यांनो, तुमच्याकडं अशी एखादी घोंगडी कपाटात कोंडलेली असेल तर तिला बाहेर काढा. शोभेला ठेवू नका, वापरा. झिजून जाण्याचं दुःख नसतं आम्हाला, अर्ध्यावर राहण्याचं असतं.

मग हरणाबाईनं हातातलं टोक सोडलं. माझी घडी घातली, मोकळी दशी वर ठेवली आणि मला त्याच्या मांडीवर दिलं.

“खळ माझीच चुकली,” ती म्हणाली. जन्मात पहिल्यांदा कुणासमोर. आणि मग म्हणाली, “जा, जिनं ती काढली तिचं नाव इचारून ये, मग मारती गाठ.”