संस्कृती वर्गात नाही

नव्या मुलांना कॉलेजची सवय व्हावी म्हणून पहिल्या महिन्यात रोज एक तास असतो आणि तो माझ्या गळ्यात आहे. लायब्ररी कुठे, वेळापत्रक कसं वाचायचं, घाबरलात तर कुणाला भेटायचं, असलं सगळं मी शिकवते. घाबरणं मला स्वतःला फार छान जमतं, म्हणूनच बहुधा प्राचार्यांनी माझी निवड केली असावी.

या तासाचा एक नियम आहे. जो दिसला नाही, त्याच्या घरी लगेच फोन करायचा. गुरुवारी पणदरे गावची संस्कृती दिसली नाही. मी तिच्या वडिलांना, दादासाहेबांना फोन लावला.

"तुमची संस्कृती आज वर्गात नाही."

"ती तर सकाळच्या एसटीनं गेली की!"

फोनवर मागून कुणीतरी बाई "अगं बया!" म्हणाली. फोन बंद झाल्यावर कळलं, मी काय करून बसले ते. कॉलेजला निघालेली मुलगी कॉलेजात नाही, याचा गावात एकच अर्थ लावतात.

मी धावत सुटले. कॅन्टीन, लायब्ररी, लेडीज रूम, मागचं गेट. कुठेच नाही. मनात गेटापलीकडच्या कालव्याचा विचार आला. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात, ते माझ्या मनासाठीच.

सापडली ती आमच्याच भिंतीपलीकडे, तिसऱ्या वर्षाच्या वर्गात, पहिल्या बाकावर. चुकून शिरली होती. सर शिकवायला लागल्यावर चूक तिच्या लक्षात आली.

"पन मॅडम, सर शिकवत असताना मधीच उठून कसं जायचं? त्यांचा अपमान न्हाय का व्हनार?"

तिला जवळ घ्यावं की एक ठेवून द्यावी, मला कळेना.

तेवढ्यात दादासाहेब मोटरसायकलवरून आले. मी एका दमात सगळं सांगितलं. ते लेकीच्या तोंडाकडे बघत राहिले.

"पोर खोटं बोलत न्हाय, मला ठावं हाय," ते म्हणाले. "पन मी दूध घालायला डेअरीवर व्हतो. दोन्ही हातात किटल्या, म्हनून फोन स्पीकरवर घेतला. समद्यांनी ऐकलंय. भावकी काय आता गप बसतीय व्हय? बास झालं कालेज."

संस्कृती रडली नाही. मुकाट्यानं गाडीवर बसली, मागे वळूनही पाहिलं नाही. तेच मला फार लागलं.

संध्याकाळी स्कूटर काढली आणि दूध घालायच्या वेळेला पणदऱ्याची डेअरी गाठली. दारापर्यंत रांग होती. मला बघून माना वळल्या.

"मी संस्कृतीची मॅडम," मी म्हणाले. "पोर सकाळी कॉलेजातच होती, शेजारच्या वर्गात. मी न शोधताच फोन केला. चूक माझी आहे, तिची नाही."

रांगेतली एक म्हातारी म्हणाली, "आन् उद्या परत न्हाय दिसली, तर?"

"आधी शोधीन," मी म्हणाले.

म्हातारीनं मान हलवली आणि आपली किटली पुढं सरकवली. मागचे लोकही सरकले. कुणीतरी आज दुधाला फॅट किती लागली म्हणून विचारलं.

दादासाहेब रांग सोडून माझ्यापाशी आले.

"उद्या येईल ती," ते म्हणाले. "पन माझा नंबर काढून टाका. तिच्या आईचा घ्या. सकाळी मी कालेजला निघालो तवाच ती म्हनत व्हती, आवो, पोरगी तितंच कुठंतरी आसंल, आधी तिला इचारा तरी. मीच ऐकलं न्हाय."