दोन्हीकडे सारखं

माणूस जातो, पण जपून ठेवलेला डेटा कधीच मरत नाही, यावर साहेबांची गाढ श्रद्धा होती. सासूबाई गेल्यावर ही श्रद्धा उतू गेली आणि घरात बॅकअप सर्व्हर आला. सासूबाईंचा रेकॉर्ड केलेला आवाज एकाच ठिकाणी उरला होता, बायकोच्या लॅपटॉपमध्ये.

"अहो, राहू द्या ना. चाललंय ते बरं चाललंय," बायको म्हणाली.

"उद्या लॅपटॉपने मान टाकली की माझ्याच नावाने खडे फोडशील."

साहेबांनी राउटरशेजारी सर्व्हर मांडला, चाचणी म्हणून त्यावर त्याचीच माहितीपुस्तिका टाकली आणि 'मिरर', म्हणजे दोन्हीकडे सारखं करा, हा पर्याय निवडला. पडद्यावर दोन चौकटी आल्या. वर 'कुठून', खाली 'कुठे'. साहेबांची उभी हयात ऑफिसात गेलेली. वरिष्ठाचं नाव वर, हे हाडीमाशी खिळलेलं. घरात आता सर्व्हर वरिष्ठ. त्यांनी त्याचं नाव वर घातलं, लॅपटॉपचं खाली. 'खालचं सगळं पुसलं जाईल, चालेल?' असं यंत्राने विचारलं. हाताखालच्यांच्या शंका ऐकून घ्यायची साहेबांना सवय नव्हती. त्यांनी 'हो' दाबलं.

हिरवा दिवा लागला. बायकोने लॅपटॉप उघडला. बंद करून पुन्हा उघडला.

"आई कुठेय?"

"दोन्हीकडे अगदी तंतोतंत सारखं आहे, बघ," साहेब म्हणाले.

"हा प्रयोग आधी तुमच्या आईवर करायचात!"

आतल्या खोलीतून त्यांच्या आईने विचारलं, "मला हाक मारलीस का गं?"

दोन्हीकडे आता एकच फाईल होती, सर्व्हर कसा लावावा याची माहितीपुस्तिका.