शेडमधली पळी

परीक्षितच्या रिव्हॉल्व्हरला थुंकायची खोड होती, आणि तिचा सगळा त्रास केनला व्हायचा, कारण नेमबाजीच्या रेंजवर त्याची जागा नेमकी परीक्षितच्या उजव्या हाताला होती.

इंग्लंडमधल्या बेसिंगस्टोकच्या बाहेर, शेतांच्या मधोमध त्यांचा क्लब होता. या देशात खिशात मावणारी पिस्तुलं बंद, म्हणून हौशी मंडळी परवाना काढून हातभर नळीचं, मागे लोखंडी दांडी जोडलेलं रिव्हॉल्व्हर बाळगतात. परीक्षितने घेतलेल्या रिव्हॉल्व्हरच्या नळीला टोकाशी छिद्रं पाडलेली होती. गोळी सुटली की गॅस त्यातून वर निसटतो आणि नळी फारशी उसळत नाही, एवढं ऐकूनच स्वारी भाळली. पण हा पठ्ठ्या त्यात मारायचा घरी ओतलेल्या शिशाच्या गोळ्या. मऊ शिसं जाताना छिद्रांच्या कडांवर खरवडलं जाई आणि त्याचे बारीक कण बाजूला उडत.

"छिद्रातून उडतं ते मारणाऱ्याला कधी लागत नाही," केन चष्मा पुसत म्हणाला होता. "शेजारच्याला लागतं."

केन जुना छापखानेवाला. रागावला तरी माणूस भला, त्याने छपाईच्या टाइपचे जुने खिळे डबाभर आणून दिले. ते शिशात वितळवून मिसळले की गोळी कडक होते आणि खरवडली जात नाही, असं त्याचं म्हणणं.

परीक्षित मुळातच एका जागी न टिकणारा माणूस. त्यातून बायकोला, स्वरालीला, सातवा लागलेला, आणि तिचं बाळंतपण करायला तिची आई, प्रमोदिनीबाई, पुण्याहून येणार होत्या. घरात त्याला करण्यासारखं काही उरलं नव्हतं, किंवा त्याला तसं वाटत होतं. मग त्याने शेड गाठली. कॅम्पिंगचा स्टोव्ह पेटवला आणि शिसं ओतायला घेतलं, तर ओतायच्या डावाचा दांडाच निखळला. तेव्हा त्याला स्वयंपाकघरातल्या खालच्या ड्रॉवरमधली फोडणीची लोखंडी पळी आठवली. लांब दांडा, खोलगट वाटी, साच्यात धार धरायला अगदी मापाची. स्वरालीच्या रुखवतातली ती पळी लग्नापासून कधी वापरलीच नव्हती. हिची आठवण कुणाला येणार, असं म्हणून त्याने ती उचलली.

गोळ्या झाल्या, पण केन स्पेनला सुट्टीवर गेला, आणि शेजारी केन नसताना थुंकी थांबली की नाही हे कळणार कसं? त्याची वाट बघण्यात काही आठवडे गेले. दरम्यान सासूबाई आल्या.

अखेर एका रविवारी केनने नळीशेजारी पांढरा पुठ्ठा उभा केला. परीक्षितने चेंबर रिकामं होईपर्यंत गोळ्या मारल्या. पुठ्ठा कोरा राहिला.

"थांबली थुंकी," केन म्हणाला. मग परीक्षितच्या बुटांकडे बघून म्हणाला, "घरात शिरायच्या आधी हे काढत जा. हात नीट धूत जा. शिसं पोटातल्या पोरांना सोडत नाही."

परीक्षितने मान हलवली, पण त्याचं लक्ष होतं कुठे? कधी एकदा घरी जातो आणि नवीन गोळ्या ओततो असं त्याला झालं होतं. घरी पोचल्यावर तो तडक शेडमध्ये गेला. स्टोव्ह होता, साचा होता, खिळ्यांचा डबा होता. पळी मात्र नव्हती. त्याने फळ्या धुंडाळल्या, कुंड्या हलवल्या, बाकाखाली वाकून पाहिलं. आणि तेवढ्यात स्वयंपाकघराच्या उघड्या खिडकीतून मोहरी तडतडल्याचा आवाज आला.

तो आत धावला. प्रमोदिनीबाईंच्या हातात तीच पळी होती. हिंगाचा वास सुटला होता, आणि त्याच्या डोळ्यांदेखत त्यांनी ती वरणात बुडवली.

"आई, ही कुठे मिळाली तुम्हाला?"

"तुमच्या शेडमध्ये. कुंडी शोधायला गेले, तर ही बिचारी तिथे लोळत पडलेली. काय तो राप चढला होता परीक्षितराव. चिंच-मीठ लावून घासली, तेव्हा रूप आलं. आल्या दिवसापासून हिच्यातच करतेय. त्या नॉनस्टिकच्या भांड्यात फोडणी कसली बसतेय."

आल्या दिवसापासून. रोज वरण, रोज फोडणी, आणि रोज स्वरालीसमोर ठेवलेली ती वाटी. त्याने तोंड उघडलं आणि त्यातून निघालं ते भलतंच.

"गंजलीये ती. द्या इकडे, नवीन आणतो."

"अहो, गरम आहे."

त्याने ती तशीच हिसकावली, बोटं पोळून घेतली, आणि गाडीत जाऊन बसला. वरणाचं पातेलं मागे तसंच ओट्यावर होतं, हे त्याला पहिल्या राउंडअबाउटच्या गोल चौकात आठवलं. तिथूनच त्याने स्वरालीला फोन केला. "वरण खाऊ नकोस. कुणीच खाऊ नका. येऊन सांगतो." तिने कारण विचारायच्या आत फोन बंद केला. शहाणा माणूस तिथूनच वळला असता. बेसिंगस्टोकला राउंडअबाउट्सची कमी नाही. हा एकातून बाहेर पडे, दुसऱ्यात शिरे, आणि पळी शेजारच्या सीटवर इकडून तिकडे घरंगळे. नवीन पळी आणून गप्प बसावं का? पण मग बाळाला काही झालं तर? नुसतं मिडवाइफलाच गाठावं का? पण शिसं तपासायला रक्त स्वरालीचं काढायचं होतं, आणि तिला न सांगता ते काढायची सोय नव्हती. शेवटी त्याने एका सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये गाडी लावून केनला फोन केला.

केनने सगळं ऐकून घेतलं. "तू मला का सांगतोयस?" तो म्हणाला. "घरी जा."

घरी दोघी टेबलापाशी बसून होत्या. परीक्षितने पळी टेबलावर ठेवली आणि उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. सांगताना त्याला लाज वाटत होती आणि भीती त्याहून जास्त वाटत होती. प्रमोदिनीबाईंचा हात तोंडाशी गेला.

"मी वाढलं तिला," त्या म्हणाल्या. "माझ्या हाताने."

"आई, थांब," स्वराली म्हणाली. ती परीक्षितकडे बघतही नव्हती. "मी नाही खाल्लं. एकदाही नाही. मला हिंगाचा वास सहनच होत नाही गं, आय जस्ट कान्ट. तू आंघोळीला गेलीस की मी वाटीतलं परत पातेल्यात टाकायचे. मग टोस्ट खायचे. तू एवढ्या लांबून आलीस, रोज इतक्या मायेने करतेस, तुला कसं सांगणार होते?"

मग प्रमोदिनीबाई हळूच म्हणाल्या, "तरीच. म्हटलं वरण संपत कसं नाही."

परीक्षित दुपारी ऑफिसात जेवायचा आणि रात्री पोळी-भाजीवर भागवायचा. तरी तिघांचंही रक्त तपासायला दिलं. निकाल येईपर्यंत स्वराली त्याच्याशी कामापुरतंच बोलली. त्याने शेड धुतली, पुसली, परत धुतली. बूट फेकले, साचा केनला देऊन टाकला. रात्रंदिवस तो जिन्यावरून वर-खाली करत राहिला आणि बाळ हललं का, असं विचारून तिला भंडावून सोडलं.

स्वरालीचा रिपोर्ट मिडवाइफने फोनवर सांगितला. काळजीचं काही नव्हतं. परीक्षित जिन्यात मटकन खाली बसला आणि ढसाढसा रडला. उरलेले दोन रिपोर्ट दुपारी आले. त्याच्या रक्तातलं शिसं थोडं वाढलेलं होतं. प्रमोदिनीबाईंचं त्याच्यापेक्षा बरंच जास्त होतं. डॉक्टर म्हणाले, हळूहळू उतरेल, पण परत परत तपासावं लागेल. रोज रात्री पातेल्यात उरलेलं त्या एकट्या संपवत होत्या, अन्न टाकवत नाही म्हणून.

काय बोलायचं ते मनाशी घोकत तो स्वयंपाकघरात गेला. त्या मेथी निवडत होत्या.

"स्वरालीचं काय आलं?"

"नॉर्मल. अगदी नॉर्मल."

"झालं तर मग," त्या म्हणाल्या आणि त्यांनी पुढची काडी उचलली.

"आई, तुमचं जास्त आलंय."

त्यांचा हात थांबला. मग त्या हसल्या. नवस फेडून आलेली बाई हसेल तशा, मोकळ्या.

"म्हणजे तिच्या वाटीतलंही माझ्याकडेच आलं," त्या म्हणाल्या. "बरं झालं हो परीक्षितराव."

माफी मागायला तोंड उघडावं तर समोरची बाई आनंदात होती. तो ओट्यापासून दारापर्यंत गेला, परत आला, परत गेला.

"येरझाऱ्या पुरे आता," त्या म्हणाल्या. "बसा इथे. मेथी निवडा."

त्याने त्यांच्या शेजारची खुर्ची ओढली. बसण्याआधी सिंकपाशी गेला आणि हात धुतले. मग ते त्याने पुन्हा धुतले.