मूळपुरुषाला विचारा

नाना गप्प बसत नाहीत म्हणून डोळ्याच्या डॉक्टरने त्यांना ऑपरेशनच्या टेबलावरून उठवून घरी पाठवलं.

डॉक्टरचं तरी काय चुकलं? मोतीबिंदू काढताना माणूस जागाच असतो, नुसता डोळा बधिर करतात, आणि डोकं हलवायचं नाही एवढं एकच काम त्याला असतं. पण आमच्या नानांनी आयुष्यभर सलून चालवलं. खुर्चीत बसलेल्या माणसाशी बोलत राहायचं ही सवय हाडात मुरलेली. इथे खुर्चीत स्वतःच होते एवढाच फरक. त्यांनी आधी डॉक्टरच्या कल्ल्यांबद्दल मत दिलं, एक वर आहे आणि एक खाली. मग खात्री करून घ्यायला मान वळवली. डॉक्टरच्या हातात तेव्हा सुई होती.

"सोमवारी परत आणा," डॉक्टर आईला म्हणाले. "पण यांना गप्प ठेवायची सोय करून आणा. कानात गाणी लावा, काहीही करा. मोबाईल आत चालणार नाही, साधं काहीतरी छोटं आणा. आणि एकाच कानात घाला, दुसरा मला लागेल. या वेळी हलले तर मी हात लावणार नाही."

नाना म्हणाले ऑपरेशनची गरजच नाही, सगळं दिसतंय. त्याच संध्याकाळी त्यांनी चहा कपाच्या शेजारी ओतला आणि वर कप गळतोय म्हणून आईला ओरडले.

छोटं काहीतरी आमच्याकडे होतं. दादाचा गाणी ऐकायचा जुना प्लेअर, काडेपेटीएवढा, स्क्रीन नखाएवढी. दादा जहाजावर इंजिनाचं काम करतो, जाताना तो इथेच ठेवून गेला. आत एकही गाणं नव्हतं. गाणी होती कॉम्प्युटरमध्ये, आणि कॉम्प्युटर होता आईच्या कापडं बेतायच्या टेबलावर, पडद्यांच्या ढिगाच्या मागे. म्हणजे फक्त इकडून तिकडे घालायची होती.

"मी करते," मी म्हटलं.

"तू?" मामा म्हणाला. "शाळेत संगणक विषयात किती पडले होते गं तुला?"

"शाळा मी सोडली, तिने मला नाही सोडलं. आणि तू फ्रिज दुरुस्त करतोस, तू गप्प बस."

मामा आमच्याकडेच राहतो. फ्रिज दुरुस्त करत असल्यामुळे जगातल्या प्रत्येक यंत्रात गॅस कमी आहे असं त्याला वाटतं. त्याने प्लेअर कानाशी नेऊन हलवून पाहिला, तेव्हाच मला समजलं रविवार कसा जाणार ते.

आता अडचण काय, तर दादाने आमच्या कॉम्प्युटरवर विंडोजच्या जागी लिनक्स घातलंय. ते वाईट नाही, चालतं. पण जाण्याआधी तो कुठल्यातरी मित्रमंडळात होता, तिथे सगळे मिळून कॉम्प्युटरचं मराठी करायचे. शुद्ध मराठी. इतकं शुद्ध की आमच्यातल्या कोणाला कळत नाही. बंद करायचं असेल तर आमचा कॉम्प्युटर विचारतो, 'विराम घ्यावा काय?' आई अजूनही त्याला उत्तर देते, "घे बाबा."

मी वायर लावली. स्क्रीनवर आलं:

उपकरण आरूढ करता आले नाही.

"आरूढ म्हणजे काय?" मी विचारलं.

"आरूढ म्हणजे वर बसलेला," मामा म्हणाला. "घोड्यावर आरूढ, गादीवर आरूढ. सोपं आहे. वर ठेव त्याला."

"कशाच्या वर?"

"कॉम्प्युटरच्या. तो खाली पडलाय टेबलावर, म्हणून तक्रार करतंय."

मी त्याला वेड्यात काढायच्या आत त्याने प्लेअर उचलून कॉम्प्युटरच्या डब्यावर ठेवलासुद्धा. परत तोच मेसेज. मामाने तो उभा करून ठेवला. घसरला. मग आईच्या पडद्याच्या कापडाची घडी खाली घातली, राजा बसवतात तसा बसवला आणि म्हणाला, "आता थोडा वेळ दे. फ्रिजलाही जागा बदलली की थोडा वेळ द्यावा लागतो."

"ती घडी गिऱ्हाइकाची आहे," आई शिलाई मशीनवरून मान वर न करता म्हणाली.

माझं डोकं फिरलं. मी वायर उपटली, परत खुपसली, परत उपटली. आणि तिसऱ्यांदा रागाने खुपसताना दिसलं. वायर लागल्या लागल्या प्लेअरच्या नखाएवढ्या स्क्रीनवर काहीतरी उगवत होतं, दोन ओळी, आणि लगेच मावळत होतं. कारण मामा प्रत्येक वेळी त्याला दाबून सरळ बसवत होता आणि दाबताना त्याचा अंगठा बरोबर बटणावर पडत होता. प्लेअर बिचारा काहीतरी विचारत होता, आणि मामा न वाचता उत्तर देत होता.

"हात काढ."

"मी फक्त आधार देतोय."

"मामा, हात काढ."

त्याने हात काढला. ओळी थांबल्या. प्लेअर विचारत होता की मला गाण्यांचं यंत्र समजणार की साधा पेन ड्राइव्ह. मामा सकाळपासून त्याला गाण्यांचं यंत्र बनवत होता, आणि तसल्या यंत्राशी कसं बोलायचं हे आमच्या कॉम्प्युटरला माहीत नव्हतं. मी पेन ड्राइव्ह निवडलं.

उपकरण आरूढ झाले.

"बघ," मामा म्हणाला, "बसला ना वर?"

मी कामाला लागले. गाणी निवडली, ओढली, प्लेअरवर टाकली. स्क्रीनवर लाल पट्टी आली.

परवानगी नाकारण्यात आली आहे. ही कृती केवळ मूळपुरुष करू शकतो. मूळपुरुषाचा परवलीचा शब्द द्यावा.

मी ते मोठ्याने वाचलं. नाना इतका वेळ खिडकीपाशी बसून खालून जाणाऱ्या लोकांच्या डोक्यांवर टीका करत होते, दिसत नसताना. ते उठले. भिंतीला हात लावत टेबलापर्यंत आले, माझ्या खांद्यावर थोपटलं आणि म्हणाले, "सरक."

"नाना, मूळपुरुष म्हणजे तुम्ही नाही."

"मग कोण? घराण्यात माझ्यापेक्षा म्हातारं कोण आहे? दाखव."

"पण मूळपुरुष बापाच्या बाजूचा धरतात," मामाला कुठे बोलावं हे कधीच कळत नाही. "तुम्ही हिच्या आईचे वडील."

"या घरातल्या प्रत्येकाचं जावळ मी काढलंय," नाना म्हणाले. "तुझंसुद्धा. तेव्हाही असाच वळवळत होतास."

आता मला थोडंफार कळत होतं. कॉम्प्युटरमध्ये एक सगळ्यांच्या वरचा माणूस असतो, त्याला इंग्रजीत रूट म्हणतात. रूट म्हणजे मूळ. दादाच्या मंडळाने त्याचा केला मूळपुरुष. पण पासवर्ड दादाने ठेवलेला, दादा समुद्रात, आणि समुद्रात रेंज नाही. मी दादाचा वाढदिवस घातला. नाही. आईचं नाव घातलं. नाही. मामाने 'गॅस' सुचवलं. रागारागात तेही घालून पाहिलं, नाही.

"मला विचारा की," नाना म्हणत होते. "मी बसलोय इथे. कॉम्प्युटरही म्हणतोय मला विचारा. कोणी विचारत नाही."

तेव्हा माझ्या डोक्यात आलं. दादा म्हणजे असा माणूस की ज्याने 'मूळपुरुष' हा शब्द लिहिला असेल तर लिहिताना त्याच्या डोळ्यांसमोर एकच चेहरा असणार.

"बरं, नाना. दादाने कधी तुम्हाला काही शब्द विचारला होता?"

"शब्द नाही. सलून बंद केल्यावर तुम्हाला कशाची आठवण येते म्हणून विचारलं होतं."

"मग तुम्ही काय सांगितलं?"

"खरं ते सांगितलं. एकाचं झालं की खुर्ची झटकायची आणि दाराकडे बघून ओरडायचं, पुढचा. त्याची आठवण येते. आता ओरडलं तर कोण येणार?"

मी इंग्रजी अक्षरांत 'पुढचा' टाइप करायला लागले. नानांनी माझा हात धरला. मूळपुरुष तेच होते, त्यामुळे टाइप तेच करणार होते. मी अक्षर सांगायचं, त्यांचं बोट तिथे नेऊन ठेवायचं, आणि ते कात्री चालवावी तशी टक् करून कळ दाबायचे. एन्टर दाबल्यावर लाल पट्टी गेली आणि गाणी भराभर प्लेअरमध्ये जायला लागली.

आईने मशीन थांबवलं. मामाने टाळी वाजवली. मला थोडं रडू आलं, पण मी नाक पुसायच्या निमित्ताने ते उरकलं.

नानांच्या एका कानात इयरफोनची बोंडी घातली. गाणं सुरू केलं. नानांचा चेहरा खुलला. आणि मग नाना गायला लागले.

साधं गुणगुणणं नाही. तोंड उघडून, मान डोलवत, मांडीवर ठेका धरून, आणि मधल्या वाजवायच्या जागासुद्धा तोंडाने वाजवून. दुसरं गाणं लावलं, तेही पाठ. तिसऱ्याला तर त्यांनी बोट वर करून तान घेतली, ते बोट थेट माझ्या नाकावर आपटलं, आणि सोमवारी त्याच जागी डॉक्टरची सुई असणार होती.

"हे गप्प ठेवायचं यंत्र आहे होय?" आई म्हणाली.

"मी आधीच म्हणत होतो," मामा म्हणाला, "शाळा सोडलेल्या पोरीच्या हातात काम दिलं की असंच होणार."

झालं. त्यानंतर काय काय निघालं ते क्रमाने सांगता येणार नाही. मी मामाला म्हटलं की त्याने दुरुस्त केलेल्या आमच्या फ्रिजमध्ये दूध नासतं आणि भाजी गोठते. मामा म्हणाला, फ्रिज उघडा ठेवून विचार करत उभं राहणाऱ्याला विचारा. आई म्हणाली, ते राहू दे, तिची कापडाची कात्री कुणी बोथट केली ते आधी सांगा, तिच्याने आता रेशीम कापलं जात नाही, चावलं जातं. मी म्हटलं मी नाही. मामा म्हणाला तो नाही. आई म्हणाली मग काय कात्री रात्री उठून दगड कापायला जाते?

मी तोंड उघडलं आणि तशीच थांबले. खोलीत एक आवाज कमी होता.

नाना स्टुलावर बसले होते. बोंडी काढून ठेवलेली. हात मांडीवर, मान स्थिर, ओठ मिटलेले. श्वाससुद्धा हळू घेत होते, एखादा शब्द निसटू नये म्हणून.

"थांबलात का?" नाना म्हणाले. "कात्रीपर्यंत आला होतात."

आई, मामा आणि मी एकमेकांकडे बघितलं. त्या प्लेअरला बारीक माइकही होता. मी तो रेकॉर्डिंगवर टाकून टेबलाच्या मधोमध ठेवला आणि म्हटलं, "चला. भांडा."

आमच्या घरात कोणाला भांडायला सांगावं लागेल असं मला कधी वाटलं नव्हतं. मामाने घसा साफ केला. "ताई, मला वाटतं, तुझं थोडं चुकतंय."

"असेल रे," आई म्हणाली. "तू म्हणतोस तर असेल."

"नाही, तसं माझंही चुकलं असेल."

"बस ना तू. चहा घेणार?"

नानांनी जांभई दिली आणि लगेच खालून जाणाऱ्या कोणाच्या तरी भांगाबद्दल बोलायला लागले. मी मामाला खुणा करत होते, तो माझ्याकडे बघून गोड हसत होता. शेवटी माझ्याच्याने राहवेना.

"आई, हे काय सासर आहे का?" मी म्हटलं. "असं भांडतात? तू रोज याच्यापेक्षा चांगलं भांडतेस."

"म्हणजे मी रोज भांडते?"

"मी चांगलं म्हणाले."

"ताई, पोरगी खरं बोलतेय," मामा म्हणाला. "तुझा आवाज कोपऱ्यावर ऐकू येतो. गिऱ्हाइकं मला विचारतात, आज घरी जाताय की थांबताय."

"तुझी गिऱ्हाइकं? ज्यांचे फ्रिज तू तीन-तीनदा उघडतोस ती?" आईने टेप गळ्यातून काढून टेबलावर आपटली, आणि पुढे माझं काही काम उरलं नाही. नाना तोपर्यंत स्टुलासकट जवळ सरकले होते.

भरपूर झालं तेव्हा मी प्लेअर उचलला. दोघांनाही पत्ता नव्हता. ते फ्रिजवरून कात्रीवर आणि कात्रीवरून लहानपणीच्या कुठल्यातरी सायकलवर गेले होते.

सोमवारी नर्सने प्लेअर उलटासुलटा करून पाहिला आणि आत नेला. आम्ही तिघं बाहेर बाकावर. आई आणि मामा अजून बोलत नव्हते, त्यामुळे मध्ये मी. दाराच्या वरचा लाल दिवा लागला. मला वाटत होतं आता दार उघडेल आणि डॉक्टर नानांना परत हातात देतील, आणि मग नाना कायम कपाच्या शेजारी चहा ओततील. आईने माझा हात इतका घट्ट धरला होता की बोटं पांढरी पडली.

दिवा विझला. डॉक्टर बाहेर आले. एक कल्ला वर, एक खाली, नानांचं खरं होतं.

"उत्तम झालं," डॉक्टर म्हणाले. "दगडासारखे पडून होते. मीच एकदा घाबरलो आणि नाडी बघितली. दुसऱ्या डोळ्याच्या वेळीही हेच आणा. काय लावलंत तुम्ही त्यांना?"

"घरगुती आहे," आई म्हणाली.

मागून नर्सचा हात धरून नाना आले. डोळ्यावर पट्टी, खांदे ताठ. आई पुढे झाली, "नाना, कसं वाटतंय? दुखतंय का?"

"डोळ्याचं नंतर," नाना म्हणाले आणि बरोबर मामाच्या दिशेने तोंड केलं. "कात्री तू बोथट केलीस."

"मी? मी हातसुद्धा नाही लावला."

"ताई नुसतं कात्री म्हणाली. पोरगी नुसतं कात्री म्हणाली. तू म्हणालास, एवढ्याशा तारेने कात्रीला काय होतंय. तारेचं नाव त्या सगळ्या भांडणात दुसऱ्या कोणी काढलं नाही. नीट ऐकलंय मी, हलायची सोयच नव्हती."

मामाने आईकडे बघितलं. आई मामाकडे बघत होतीच.

"डॉक्टर," मामा म्हणाला, "यांचा दुसरा डोळा आहे तसाच राहिला तर चालेल का?"