आत्याने भरलेली बाटली

ही गोष्ट २०१९ सालची. लातूरजवळच्या मुरुडच्या सरजाबाईची भाची विशाखा तेव्हा नांदेडला पीएच.डी. करत होती. पाण्यातले जंतू धरून ठेवणारी नखाएवढी चकती ती बनवायची. चकतीवरून बारीक सुई फिरायची, जागोजागचा करंट मोजायची आणि त्याचं चित्र संगणकावर उमटायचं. जंतू चिकटलेल्या जागी करंट अडायचा, तिथे काळे ठिपके दिसायचे.

वस्तीच्या विहिरीचं पाणी तपासायला तिने आत्याकडे बाटली पाठवली. "जसं हाय तसंच भर बरं का," फोनवर बजावलं.

सरजाबाईने पाणी उकळलं, फडक्यातून गाळलं आणि मगच भरलं. तिच्या लहानपणी या विहिरीचं पाणी बाकीचं गाव तोंडाला लावत नसे. आता ते शिकल्यासवरल्या लोकांपुढे जाणार आणि त्यात घाण निघणार, हे तिला सोसवेना.

चित्रात एकही ठिपका आला नाही. सरकारी तपासणीत मात्र त्याच विहिरीत जंतू सापडले. विशाखाचे मार्गदर्शक मृत्युंजय सर म्हणाले, चकतीच कुचकामी आहे. पोरीने चार महिने नव्या चकत्या केल्या, दोनदा पाणी मागवलं. दोन्ही वेळा आत्याने उकळूनच दिलं.

"आत्या, सोमवारी विषय सोडल्याचं लिहून देते," एके दिवशी विशाखा फोनवर म्हणाली. आवाज पार बसला होता.

दोन दिवस सरजाबाईला घास गिळवेना. सोमवारी उजाडायच्या आत तिने पाणी शेंदलं, तसंच बाटलीत भरलं आणि लातूरमार्गे नांदेड गाठलं.

"सर, पोरीचं काही चुकलं न्हाई. मीच पाणी उकळून देत व्हते."

"का हो बाई?"

"पाव्हण्याला कुणी गढूळ पाणी देतं का?"

सर हसले. विशाखा हसली नाही. "खरं सांग, आत्या."

"आपल्या पाण्याला पुन्हा कुणी नावं ठेवू नये म्हून," सरजाबाई फरशीकडे बघत म्हणाली.

दुपारी चित्र आलं, ठिपक्यांनी भरलेलं. सर खूश झाले. सरजाबाईने पदर तोंडाला लावला.

"चार महिने, आत्या," विशाखा एवढंच बोलली.

विशाखाला २०२२ साली डॉक्टरेट मिळाली. ती हैदराबादला नोकरी करते. सर निवृत्त होऊन लातूरला राहतात. विहिरीत आता नेमाने ब्लीचिंग पावडर पडते. सरजाबाई गेल्या वर्षी वारली. भाची दर रविवारी फोन करायची, जेवलीस का म्हणून विचारायची. माफी मागायची म्हणून आत्या प्रत्येक वेळी मनाशी ठरवायची, आणि जेवले म्हणून फोन ठेवायची.